आबांच्या विहिरीवरचं मशीन

सुरुंगवाल्याच्या घरात किस्से विहिरीच्या काठावरच्या मुरमासारखे साचतात. खालून निघत राहतात, आणि उचलून न्यायला कोणी येत नाही. माझ्या लग्नाला जेमतेम चार महिने झालेत, तरी ढीग बघा.

आमचे हे शिरूरच्या एका ठेकेदाराकडे विहिरींचे सुरुंग उडवतात. त्यांचं मशीन साखरेच्या डब्याएवढं. आत बॅटरी नाही, नुसता लहानसा डायनामो. हँडल झटक्यात फिरवलं की पापणी लवेपर्यंत करंट वायरीतून खाली जातो आणि खडकात दारू ठासलेली सगळी भोकं एकदम उडतात. नियम असा, की खाली वायरी जोडणाऱ्यानं हँडल काढून स्वतःच्या खिशात ठेवायचं. तो विहिरीत असताना वर कोणी चुकून फिरवायला नको.

सवय इतकी मुरलेली, की दौंडला आमच्या लग्नातही ते कोटाच्या खिशात होतं. तिकडे कवठे येमाईला आबा म्हणून एक शेतकरी, त्यांच्या विहिरीवर बदली माणूस बिनहँडलाचं मशीन घेऊन बसलेला. दुपारी ठेकेदार मांडवात आले. आहेर केला, दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाले, "नवरदेव, सुखानं संसार करा. तेवढं हँडल द्या."

थांबायला आबांकडे वेळच नव्हता. तीन वर्षं खणून विहीर कोरडी. दोन्ही पोरांनी सांगून टाकलेलं, या खेपेला पाणी लागलं नाही तर बैलं विकायची आणि पुण्याला गिरणीत जायचं.

*

गावात वीज नाही. आबांचे शेजारी आप्पा रोज मशीनभोवती फिरायचे.

"एवढ्याशा डब्यात लाईट हाय म्हंता, मग माझ्या वसरीत एक बल्ब लावा की."

"लावतो, आप्पा. पण पेटंल एवढाच." ह्यांनी चुटकी वाजवली.

आप्पांनी बराच वेळ विचार केला. "चालंल. व्याही दारात आला की तेवढा पेटवू."

*

पुढं कोणीतरी उठवलं, की या करंटनं गुडघ्याचा वात जातो. दुसऱ्या दिवशी तीन म्हातारे धोतरं वर करून मशीनसमोर ओळीनं बसले. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई सायकलवरून चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"माझ्याकडं कधी असं शिस्तीत बसला नाहीत, मामा."

"तुमच्याकडं सुई हाय, बाई. हितं नुसतं हँडल."

ह्यांनी मशीन बाजूला ओढलं आणि हे स्वतःच त्यावर बसले.

*

मी भाकरी घेऊन जायची तेव्हा कधी सुरुंगाची वेळ गाठायची. लाल फडकं हललं, "सुरुंग हाय" अशी आरोळी गेली, की जाती थांबायची, कोंबड्या गप्प व्हायच्या, ऊनसुद्धा जागच्या जागी उभं राहायचं. मग झोपेत कूस बदलावी तशी जमीन हलायची. धूळ तुरीवर सावकाश उतरायची, तिला कुठंच जायचं नसल्यासारखी.

हे त्या वेळी डोळे मिटून घेतात. मी विचारलं, का?

"एक भोक उडायचं राहिलं तर आवाज उणा येतो. तो ऐकायचा असतो."

त्या संध्याकाळी मी मुकाट्यानं वाढत होते. जेवता जेवता त्यांनी डोळे मिटले.

"एक राहिलंय," म्हणाले. "बोल."

*

आबांच्या विहिरीचा शेवटचा सुरुंग भर दुपारी उडाला. आबा विहिरीकडं पाठ करून बाभळीखाली बसले होते. पोरं बैलांपाशी.

धूळ बसल्यावर हे एकटे खाली उतरून तपासून आले. पण खाली काय लागलं ते सुरुंगवाल्यानं सांगायचं नसतं, मालकानं बघायचं असतं. हे हात पुसत उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, तर ते पार डोंगराकडं बघत होते.

"तू बघ," आबा बायकोला म्हणाले. "माझ्यानं न्हाई व्हायचं."

काकू काठाशी गेल्या. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय दिसतंय?"

काकू वळल्या. सरळ घरात गेल्या. आबांनी मान खाली घातली. धाकट्यानं बैलांचं दावं सोडून हातात घेतलं.

काकू बाहेर आल्या त्या डोक्यावर घरातल्या साऱ्या गोधड्या घेऊन. काठावरच्या दगडावर त्यांनी ढीग टाकला, पदर खोचला.

"बसलाय काय?" त्या आबांना म्हणाल्या. "बादली सोडा खाली. उन्हं हायती तवर वाळतील."