आमचा मेहुणा आणि तानसेचं वळण

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि सरळ गोष्टींचा एवढा राग असलेला तर जगात दुसरा नसेल. नारपोलीत आम्ही एकाच चाळीत राहायचो, एकाच कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचो. लूमवरचे ताणलेले धागे बघूनसुद्धा ह्याचं तोंड वाकडं. वज्रेश्वरीच्या एसटीत प्रत्येक वळणाला शेजारच्याच्या अंगावर कलंडायचा आणि वर त्यालाच समजवायचा, की नदीचं पाणीही असंच बाहेरच्या अंगाला रेटतं. एकदा शेजारी पोलीस निघाला, तेव्हा अंबाडीच्या थांब्यावर उतरून उरलेली वाट चालत गेला. चहा आला की काडीने ढवळून चार लोकांना दाखवायचा, पावडर कडेला न जाता मधोमध बुडाशी कशी गोळा होते. तोवर चहा गार. हॉटेलवाला म्हणायचा, "चाचा, पीना है तो पियो, नहीं तो नदी में डाल आओ."

शुक्रवारी लूम बंद. त्या संध्याकाळी चाळीतली सगळी पोरं ह्याची. आठ-दहा पोरांची हातात हात धरून आडवी रांग करायचा, खांद्यावर रेतीच्या पिशव्या द्यायचा आणि रांग चाळीच्या कोपऱ्यावरून वळवायचा. आतलं पोर जागच्या जागी पाय आपटायचं, बाहेरचं जीव तोडून पळायचं आणि दर शुक्रवारी समोरच्या खाटेवर आदळायचं. मग हा विचारायचा, ओझं कोण खाली ठेवील? आतला, पोरं ओरडायची. आणि धडकेल कोण? बाहेरचा. झालं, म्हणायचा, पाणी तेच करतं, आतल्या काठाला रेती टाकतं, बाहेरचा काठ खातं. एका पोरीने विचारलं, मग नदी सरळच का जात नाही? हा खूश होऊन खाली बसला. "सरळ गेली तं पावसाचं पानी धावत सुटंल, खालची गावं बुडवंल, आनि वैशाखात काय उरायचं न्हाय. वळनावर ती दम खाते. भायेर डोह खनते. दुष्काळाच्या साली आमची नदी आटली, गुरं त्या डोहावर जगली."

हे ऐकायला गोड. पण गावाकडे तानसा नदीच्या त्या वळणाचा बाहेरचा काठ माझा होता. त्याचं गाव वळणाच्या आतल्या अंगाला, माझं बाहेरच्या. दर पावसात माझ्या भातशेताचा लचका तुटायचा आणि त्याच्या काठाला रेती चढायची. माझ्या गावच्या लोकांनी ठरवलं, चर खणून नदी सरळ करायची. चर जाणार त्याच्या शेतातून. बैठकीत तो एकटा नको म्हणाला. मी सगळ्यांसमोर बोललो, "तुझं शेत वाढतं, म्हणून तुला वळण गोड." तो उठून गेला. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताट आपटून.

भाऊबीजेला तो आला. ओवाळून झाल्यावर ताटात लुगडं नाही, दोरी ठेवली. पावसाआधी माझ्या शेतातल्या आंब्यापासून काठापर्यंत मोजून त्याने तिला गाठ मारली होती. आम्हा दोघांना घेऊन तो नदीवर गेला. बायकोने आंब्याशी टोक धरलं, तो काठावर गेला. दोरी काठाच्या पुढे उरली. जेवढी उरली, तेवढी पट्टी पलीकडे आपल्या काठावर मोजून त्याने खुंट ठोकले. "बाय, हे तुजं. नदीनं तुज्या घरचं आनून माज्याकडं टाकलं, मी कसं ठेवू?" मी म्हणालो, रेतीत भात होत नाही. तो म्हणाला, "कलिंगडं होतात, भावजी." चराचं नाव मी पुन्हा काढलं नाही. पुढे दर भाऊबीजेला तीच ओवाळणी. ती पट्टीत कलिंगडं लावायची आणि अंबाडीच्या बाजारात बसून विकायची.

गेल्या पावसाळ्यात बायको गेली. मी मेहुण्याला कळवलं, ओवाळायला कोणी नाही, भाऊबीजेला येऊ नकोस. तरी तो दोरी घेऊन आला. "बाय गेली, भावजी. नदी कुठं थांबली?" आंब्याशी मी उभा राहिलो. तो काठावरून म्हणाला, कमरेशी नका धरू, झोल पडतो, ती छातीशी धरायची. तशी धरली. पट्टी मोजली, खुंट ठोकले. कोणाची म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, बायचीच.

मग दोघांनी मिळून पट्टीत कलिंगडासाठी आळी केली. एका आळ्यात ती किती बिया टाकायची, हे मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. त्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही तीन-तीन टाकल्या. उगवल्यात.