आधी महेमूद लटकणार

पडदा वर गेला की टाळ्या नटाला पडतात. दोरी ओढणारा विंगेतल्या अंधारात घाम पुसत उभा असतो. महेमूद पडदेवाल्याला ही रीत अजिबात मान्य नव्हती. कंपनीचा मुक्काम शहागडला असो की राजूरला, लोक सतरंज्या टाकून जागा धरू लागले की हा गडी आपला स्वतःचा एक प्रवेश करून घ्यायचा. राजवाड्याचा पडदा ज्या आडव्या बांबूवर गुंडाळलेला असे, त्याला दोन्ही हातांनी धरून, पाय पोटाशी घेऊन तो भर रंगमंचावर लटकायचा.

"आधी महेमूद लटकणार, मंग पडदा लटकणार!" तो वरूनच ओरडायचा. पोरंसोरं हसायची, शिट्ट्या मारायची. मालक कपाळावर हात मारून घ्यायचे. पण मालकांनी त्याला कधी अडवलं नाही. त्या बांबूखाली राजा, राणी आणि सगळी कंपनी उभी राहायची, आणि महेमूदच्या सगळ्या नोकरीत कुणाच्या डोक्यात पडदा पडला नाही.

गावोगाव व्हिडिओ आले आणि कंपनी बसली. रंगवलेले पडदे कुठे कुठे गेले. महेमूद जालन्याला आला आणि मोंढ्याजवळच्या एका ताडपत्रीच्या दुकानात ट्रकच्या ताडपत्र्या शिवू लागला. हातात दाभण आलं तरी ऐट गेली नाही. बायको कमरुन्निसा म्हणायची, "नाटक बंद हुआ, तुम कब बंद होंगे?" तो म्हणायचा, "मरे तो भी परदा हमीच गिरायेंगे."

असा माणूस रिकामा बसणं शक्यच नव्हतं. शेजारच्या रसवंतीसमोर त्याने दोन खांब रोवून एक गुंडाळता पडदा बसवला. एका नळीवर जाड कापड, नळीच्या टोकाला कडी, कडीत अडकवायला लांब दांडी. दांडी फिरवली की सावली पुढे यायची, उलटी फिरवली की नळीवर गोळा व्हायची. रस पिणाऱ्यांपेक्षा पडदा पाहणाऱ्यांची गर्दी जास्त झाली. 

१९९६ च्या उन्हाळ्यात एक उंच, काटक बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"महेमूदभाई पडदेवाले तुमीच का?"

"बराबर. बसा. कुठून आल्यात?"

"तीर्थपुरीहून. झुंबरबाई माझं नाव. रसवंतीवर तुमचा पडदा पाह्यला. तसला माझ्या घराला पाह्यजे."

"खांब रोवायला जागा किती हाय?"

"खांब रोवता आले असते तर जालन्याला कशाला आले असते?"

महेमूदने दाभण बाजूला ठेवलं. ही बाई त्याला आवडली.

झुंबरबाईचं शेवयांचं मशीन होतं. उन्हाळा लागला की गल्लीतल्या, आसपासच्या वाड्यांवरच्या बाया भिजवलेल्या पिठाच्या पराती घेऊन तिच्या ओट्यावर नंबर लावायच्या. हे दोन महिने म्हणजे तिचं वर्ष. पण ओटा पश्चिमेचा. ऊन कलतं झालं की पिठाला पापडी धरायची आणि शेवया मशीनमधून तुकडे तुकडे होऊन पडायच्या. म्हणून नवरा गेल्यापासून ती ओट्यावर पत्रे टाकायची. गल्ली अरुंद, आणि मोहरमचा डोला त्याच गल्लीतून जायचा. रंगीत कागदाचा, माडीएवढा उंच. डोल्याआधी पत्रे काढायचे आणि नंतर पुन्हा टाकायचे, असं दरसाल चालायचं. मागच्या साली पत्र्याचा एक खिळा गंजून बसला, निघेना, आणि डोला भर उन्हात तिच्या दारात खोळंबला. डोल्याच्या पुढे चालायचा मान साहेबराव पाटलांचा. पाटील तिथेच कडाडले, "पुन्हा या ओट्यावर छप्पर घालायचं न्हाई!"

"मी पाटलाला सांगितलं," झुंबरबाई म्हणाली, "की डोला येताना छप्पर भिंतीला चिकटून जाईल असं आणते. पाटील म्हनले, आण. पण आवंदा जर डोला खोळंबला, तर मीच तोडीन अन् मशीनबी उचलून नेऊन ठेवीन. मशीन गेलं तर मला लेकीच्या दारात जाऊन बसावं लागंल, भाऊ. जावई चांगला हाय. पण त्याच्या दारात बसायचं मला न्हाई."

"बिलकुल बसायचं न्हाई," महेमूद म्हणाला. "परदा बसंल."

एका वेल्डिंगवाल्याकडून त्याने दोन लोखंडी हात करून घेतले. हाताच्या खांद्याला बिजागरी. कापड नळीवर गोळा झालं की हात वर होऊन भिंतीला उभे टेकणार, कापड सोडलं की हात खाली येऊन सावली गल्लीवर पसरणार. सगळं सामान एसटीच्या टपावर टाकून तो तीर्थपुरीला उतरला.

घरावरून विजेची तार गेली होती. खांबावरची तार वायरमनने सोडेपर्यंत त्याने शिडीला हात लावला नाही. समोरच्या किराणा दुकानातला कचरूशेठ खुर्ची बाहेर घेऊन बसला होता. मांडीवर पोट आणि पोटावर हात ठेवून गल्लीचा कारभार पाहणं हा त्याचा मुख्य धंदा.

"नाटकवाले," कचरूशेठ म्हणाला, "तार बघून भ्यालात व्हय?"

"भ्यालो, शेठ. तारेला टाळ्या वाजवता येत न्हाईत ना."

भिंतीला सिमेंटचा गिलावा होता, वरून पिवळा रंग. महेमूदने थापटून पाहिली. गावोगावच्या नाट्यगृहांत आणि शाळांच्या भिंतींत त्याने हेच केलं होतं: भोक पाडायचं, लाकडी गुल्ली ठोकायची, गुल्लीत जाड स्क्रू. तसंच केलं. नळी चढली, हात चढले, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड पसरलं आणि ओट्यावर सावली उतरली. बाया "अगं बया!" म्हणाल्या. पराती सावलीत सरकू लागल्या.

"थांबा!" महेमूदने चुन्याची एक रेघ गल्लीत ओढली. "या रेघेच्या आत कुणी न्हाई. मशीनबी आत घ्या."

"आता काय राह्यलं?" झुंबरबाईने विचारलं.

"आधी महेमूद लटकणार."

पडद्याखाली त्याने दोन-तीन भरलेली पोती टाकून घेतली, लोखंडी हातांची टोकं जोडणाऱ्या आडव्या गजाला दोन्ही हात घातले आणि पाय उचलले. क्षणभर सगळं छान झालं. त्याने कचरूशेठकडे पाहून मान लववली. मग भिंतीतून दात उपटावा तसा आवाज आला. वरच्या कडेची गुल्ली पांढऱ्या मातीच्या ढेकळासकट बाहेर आली आणि नळी, कापड, लोखंडी हात आणि पडदेवाला, सगळे पोत्यांवर आले.

गल्ली पोट धरून हसली. "वन्स मोर!" कचरूशेठ ओरडला. महेमूद उठला. कोपर सोलटलं होतं, टोपी गल्लीत पडली होती. झुंबरबाई मात्र हसत नव्हती. चुन्याच्या रेघेकडे पाहत ती एवढंच म्हणाली, "बाया आत असत्या तर?"

"म्हनून तर मी लटकलो," तो म्हणाला. पण आवाज जरा उतरला होता.

बाया पराती उचलून पलीकडच्या आळीतल्या मशीनकडे निघाल्या. मोहरमचा चाँद दिसला होता. मोहरमच्या धुनीच्या खड्ड्याशी, अलाव्याजवळ, डोल्याच्या कामट्या बांधायला सुरुवात झाली होती. झुंबरबाईने चहा दिला, पण कपबशी अशी आपटली की अर्धा चहा बशीत आला.

"जालन्याच्या रसवंतीत बरा राह्यला पडदा," ती म्हणाली.

"तिथं खांब होते."

"ते मी सांगितलं होतं."

महेमूद चहा प्यायला आणि भिंतीतल्या खड्ड्यात बोट घालत बसला. गिलावा बोटभर जाडीचा, त्याच्या आत सगळी पांढरी माती. पण मातीतसुद्धा त्याने पूर्वी पडदे टांगले होते. मग त्याने पडलेला लोखंडी हात उचलून भिंतीशी धरला, टोकाला पिठाची पिशवी अडकवली, आणि टोकापासून कापडासारखी एक दोरी वर नेऊन नळीच्या जागी आपल्याच तळहातात धरली. पिशवी खाली जात होती आणि तळहात भिंतीपासून पुढे ओढला जात होता.

"हत्तेरी!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की कचरूशेठ खुर्चीत सावरून बसला. "झुंबरबाई! टांगलेला पडदा खाली ओढतो. हा मात्र भिंतीतून बाहेर ओढून राह्यला. वरचा स्क्रू उपटूनच काढनार हा!"

"मंग?"

"मंग भिंत मला मागून पाहू द्या. सारा जन्म पडद्यामागं काढला अन् आज पुढूनच ठोकत बसलो."

आतल्या खोलीत भिंत हात-दीड हात जाड होती, आणि तिच्यावर झुंबरबाईची पितळेची भांडी ओळीने लावलेली होती. महेमूदने भांड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"भिंतीतून सळ्या आरपार न्यायच्या. आतून सागवानी फळी, अशी लांबलचक. फळीवर पट्टी, पट्टीवर नट. मंग वारा असो की कचरूशेठ, ओढला तरी फळी सारी भिंत धरून बसंल. पण भांडी हलवावी लागतील, अन् नट कायमचे घरात दिसतील."

"दिसू द्या," झुंबरबाई म्हणाली. "त्यावर चाळण्या टांगीन." आणि तिने पहिली कळशी स्वतःच उतरवली.

वेल्डिंगवाल्याने सळ्यांच्या दोन्ही टोकांना आटे पाडून दिले. ठोके मारून माती ढासळली असती, म्हणून महेमूदने सळईने हळूहळू, फिरवत फिरवत भिंतीत भोकं पाडली. लोखंडी हातांच्या बिजागऱ्याही तशाच आरपार पकडल्या. सगळं आवळून झाल्यावर त्याने पुन्हा चुन्याची रेघ ओढली, पुन्हा पोती टाकली. या वेळी गल्ली आधीपासूनच जमली होती.

तो लटकला. लटकून त्याने कंपनीतल्या सेनापतीचं अख्खं भाषण म्हटलं, शत्रूला ललकारलं, दोन झोके घेतले. मग खाली उतरून हात जोडून कचरूशेठसमोर उभा राहिला. "शेठ, आता तुमी."

"मी?"

"तुमी वन्स मोर म्हनले होते."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आता माघार घेणं शक्य नव्हतं. कचरूशेठ आला, चप्पल काढली, देवाचं नाव घेतलं आणि लटकला. लोखंड किंचित वाकलं, कापड ताणलं, भिंत मात्र जागची हलली नाही. झुंबरबाई आत जाऊन फळीवर तळहात ठेवून उभी होती. "ढिम्म हाय!" ती आतून ओरडली. "आता उतरवा त्यांना, हात सुटतील!"

पराती परतल्या. पण महेमूद लगेच परतला नाही. आपल्या सगळ्या नोकरीत त्याने पडद्याच्या दोरीला दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. आता तीच गोष्ट त्याला दुसऱ्याच्या हाती द्यायची होती, आणि ते त्याला जड जात होतं. तो एकेक गोष्ट सांगत राहिला आणि झुंबरबाई दांडी फिरवत राहिली.

"वाऱ्याशी भांडायचं न्हाई. झाडाचं पान हललं की गुंडाळायचं. अन् कापड तिरकं गेलं तर जोर लावायचा न्हाई. थोडं उलटं सोडायचं, सरळ करायचं, मंग घ्यायचं."

"कितीदा सांगता? मला पाठ झालं."

"पाठ नटालाबी असतं, बाई. ऐन वेळी विसरतो."

डोल्याच्या दिवशी तो कमरुन्निसाला घेऊन आला. मशीन बंद होतं. ओट्यावर पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या होत्या, कारण डोला वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला गल्लीतल्या बाया तिथे सावलीला थांबायच्या. ताशे जवळ आले. कोपऱ्यावर साहेबराव पाटलांचा फेटा दिसला, त्यांच्यामागे डोल्याचा झगमगीत कळस. आणि त्याच वेळी ओढ्याच्या बाजूने वावधान उठलं. धूळ, पाचोळा, कागदाचे कपटे गल्लीत शिरले आणि पडदा शिडासारखा फुगला.

महेमूद कचरूशेठच्या दुकानाशी होता आणि मध्ये माणसांची भिंत. "अंदर लो! जल्दी!" तो ओरडला. ताशांत त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही.

"बाजूला व्हा गं!" झुंबरबाईने बायांना ओट्यावरून हाकललं आणि दांडी कडीत घातली. कापड नळीवर चढू लागलं. अर्ध्यावर आलं आणि वाऱ्याने एका बाजूला सरकलं. नळी अडली. डोला आता गल्लीच्या तोंडाच्या वडापासून पुढे निघाला होता. पाटलांनी काठी वर करून डोला थांबवायची खूण केली, आणि त्यांची नजर थेट त्या पडद्यावर खिळली.

महेमूदचे हात हवेतच फिरू लागले, जणू दांडी त्याच्याच मुठीत होती. आणि झुंबरबाईने दांडी उलटी फिरवली. पडदा पुन्हा पुढे आला. गल्लीतून एकच ओरडा उठला. "अगं उघडती काय? बंद कर!" पाटील तरातरा पुढे आले. तिने कुणाकडे पाहिलं नाही. कापड हाताने ओढून सरळ केलं, वाऱ्याचा एक झोत जाऊ दिला, आणि मग दोन्ही हातांनी अशी दांडी फिरवली की पट्ट्या भराभर नळीवर चढल्या आणि लोखंडी हात खटकन भिंतीला जाऊन चिकटले.

पाटील ओट्याशी पोचले तेव्हा गल्ली मोकळी होती. त्यांनी मान वर करून भिंत पाहिली, काठीचं टोक खाली घेतलं, आणि डोल्याकडे वळून म्हणाले, "चला!" डोला अजून खांद्यांवरून खाली टेकलाच नव्हता; तो तसाच हलला. झुंबरबाईने धापा टाकतच घागर उचलली आणि वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी ओतलं. तिच्या दारातून डोला बिनअडथळा पुढे गेला.

"तुमने परदा नहीं खींचा आज," कमरुन्निसा म्हणाली.

"नहीं," महेमूद म्हणाला. डोल्यामागे गर्दी पुढे सरकली तरी तो त्या भिंतीकडेच पाहत होता. "पर देखा तुमने? क्या खींचा उसने!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटलांच्या घरून भिजवलेल्या पिठाची मोठी परात आली. ओट्यावर आधीच पाच-सहा जणी बसल्या होत्या. परात घेऊन आलेली मोलकरीण म्हणाली, "पाटलीणबाईंनी सांगितलंय, लवकर करून द्या."

झुंबरबाईने दांडी फिरवून सावली ओट्यावर आणली, मशीन पुसलं आणि रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं.

"ठिवा तिकडं. नंबरानं."