ओला धान न तोलणारे साहेब

रामटेके साहेबांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. गोंदियात स्टेशनच्या बाजूला माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. कॉम्प्युटरचे वर्ग, टायपिंग, नोकरीचे अर्ज आणि तासाच्या हिशोबाने इंटरनेट, असं सगळं तिथे तेव्हा चालायचं. दोन हजार एक-दोनचा सुमार असेल. कृषी खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले साहेब पीक कापणी प्रयोगाचा एक जुना तक्ता टाइप करून घ्यायला आले. बेरीज जुळेना. कोण बघतंय, असं म्हणून मी एका रकान्यातला आकडा दोनने वाढवला आणि बेरीज जुळवून टाकली. साहेबांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि भरल्या गिऱ्हाइकांत मला झापलं. “काऊन वाढवला? तू गेली होतीस का बांधीत मोजाले? जे मोजलं नाही ते लिहाचं नाही. बेरीज चुकते तं चुकू दे!” मीही काही कमी नव्हते. “अंकल, कागज उठाइए, यहाँ और भी काम है,” असं सुनावलं. ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि म्हणाले, “बेरीज माझीच चुकली होती. पण तू आकडा वाढवला, ते बी चूकच.” टायपिंगचे पैसे मात्र त्यांनी पूर्ण दिले.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाने मला विषय सुचवून पाठवला: साहेबांनी चिचगडच्या बायकांसमोर स्वतःची चूक कबूल केली, तो प्रसंग लिहा. ते पत्र आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. सेंटरमध्ये कालचाच धडा पुन्हा शिकवते, घरी भाजीत दोनदा मीठ पडतं. तोच प्रसंग आणखी काही जण लिहीत आहेत, असं कळलं तेव्हा तर कागदच आवरून ठेवले. तो प्रसंग मी लिहिणार आहे, अगदी खरा लिहिणार आहे. पण आधी साहेब कोण आणि कसे, ते सांगितल्याशिवाय तो कोणाला समजायचा नाही.

साहेबांनी नोकरीची सगळी वर्षं धान मोजण्यात घालवली. पीक कापणी प्रयोग म्हणजे काय, ते त्यांनीच मला समजावलं. गावात धान किती पिकला ते ठरवायचं तर सगळी शेतं कापून तोलता येत नाहीत. मग चिठ्ठी टाकावी तशी छापील पुस्तिकेतल्या आकड्यांवरून एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, निवडायची, तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून तेवढी पावलं मोजायची, आणि जिथे पाय थांबेल तिथे ठरलेल्या मापाचा तुकडा आखून कापायचा. एकदा चोरखमाऱ्याच्या तलावाखाली एका मोठ्या शेतकऱ्याने चहा-पोहे खाऊ घालून बांधाच्या कडेकडे बोट दाखवत आग्रह धरला, “साहेब, धुऱ्याजवळून कापा ना, तिथं लोंब्या पाहा कश्या भरल्या!” साहेबांनी पोहे खाल्ले आणि पावलं मोजत नेमके पोचट धानात जाऊन उभे राहिले. कोणाला पीक जास्त दाखवायचं असतं, कोणाला कमी, पण साहेबांची पावलं कोणासाठी वाकडी पडली नाहीत. आणि कापलेला धान त्यांनी ओला तोलून कधी उतारा काढला नाही. ओला धान जड भरतो, म्हणून वाळू द्यायचा, मग तोलायचा, हा त्यांचा नियम.

निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडं खेळवतात. साहेबांना घरात बसणं कुठलं ठाऊक! देवरीपलीकडच्या चिचगड गावातल्या बायकांनी बचत गट काढला होता. घरचा चिन्नोर तांदूळ आणि जंगलातला मध विकायचा होता, पण व्यापारी पडेल भाव द्यायचे. साहेब माझ्याकडे आले. “बेटा, ते वेबसाईट म्हनतात ते बनवता येते का तुले?” मला येत नव्हतं. “येतं,” म्हटलं, आणि पुस्तकं आणून शिकले. वर्षभरात साईट सुरू झाली, पोस्टाने पार्सलं जाऊ लागली. पण साईट आहे हे जगाला कळणार कसं? तेव्हा ईमेलमधल्या जाहिराती जोरात होत्या. कोणी पाककृतींचं, कोणी आरोग्याचं पत्र दर आठवड्याला हजारो लोकांना ईमेलने पाठवायचं. पैसे भरले की त्या पत्रात आपली चार ओळींची जाहिरात आणि खाली एक लिंक. वाचणाऱ्याने ती दाबली की तो आपल्या साईटवर.

पहिली जाहिरात गेली त्या दिवशी आमच्या साईटवरचा आकडा भराभर चढला. मी सेंटरमध्ये पेढे वाटले. साहेबांनी पेढा हातातच धरून ठेवला. “आले किती ते समजलं. थांबले किती?” मी बघितलं. बहुतेक जण आले तसे परत गेले होते, पान पूर्ण उघडायच्या आत. “पोचट,” साहेब म्हणाले आणि मग पेढा खाल्ला.

तिथून त्यांनी मला मोजायला शिकवलं. प्रत्येक जाहिरातीला वेगळं पान, म्हणजे कोण कुठल्या पत्रातून आलं ते कळतं. आलेला किती वेळ थांबला, तांदळाचं पान पाहून मधाचंही पाहिलं का, ऑर्डर दिली का, आणि दुसऱ्यांदा दिली का. दुसऱ्यांदा दिली का, हे त्यांचं लाडकं. लग्नातून आलेल्याला ते विचारतात, “पंगतीला किती बसले ते नको सांगू, भात दुसऱ्यांदा किती जनायनं घेतला?” एका जाहिरात कंपनीने आमच्यासाठी खास चांगले पत्ते निवडून नमुना पाठवायची तयारी दाखवली, तेव्हा साहेब फोनवरच हसले. “भाऊ, हा धुऱ्याजवळचा धान झाला. तुमच्या यादीतले मी सांगतो त्या नंबरचे पत्ते घ्या,” म्हणाले, आणि पुस्तिका उघडून आकडे वाचू लागले. समोरच्या पोराने फोन ठेवून दिला. आणि शेवटचा नियम तोच: जाहिरात गेल्यावर चाळीस दिवस फायद्या-तोट्याचं बोलायचं नाही. परत येणारी पार्सलं परत येऊ द्यायची, दुसरी ऑर्डर येते का ते पाहायचं. मी रोज विचारायची, “आज काढू का हिशोब?” ते म्हणायचे, “ओला आहे अजून.” मला तर अस्सा राग यायचा!

माझी आई आजारी पडली तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. मी तिला घेऊन नागपूरला, इकडे सेंटरला कुलूप लागायची वेळ. साहेब रोज सकाळी चिवड्याचा डबा घेऊन माझ्या खुर्चीवर बसले. त्यांना टायपिंग एका बोटाने येतं. पोरांना त्यांनी काय शिकवलं देव जाणे, पण मी परत आले तेव्हा सगळी बॅच पावलं मोजून खोलीचं क्षेत्रफळ काढत होती आणि एकाचीही फी बुडाली नव्हती.

आता तो प्रसंग.

परदेशी राहणाऱ्या मराठी बायकांसाठी निघणारं पाककृतींचं एक ईमेल पत्र होतं. त्याच्यावर माझा फार जीव जडला होता. आम्ही यादीच्या एका छोट्या तुकड्यावर प्रयोग घेतला. पत्र आलं त्या दिवशी मला दम निघेना. मी स्वतः त्या पत्राची वाचक होते, म्हणून ते माझ्याही पेटीत आलं होतं. दुपारच्या बॅचचा धडा होता ईमेल उघडणे. मी ते पत्र सगळ्या मुलांना पाठवलं. “पाहा, आपली जाहिरात! दाबा लिंक, बघा साईट!” संध्याकाळच्या बॅचलाही तेच. आपलं कौतुक आपल्याच माणसांना दाखवायचं, त्यात काय बिघडतं? माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. मुलं तासभर त्या पानांवर बसली.

आकडा सुंदर आला. आले भरपूर आणि थांबले किती वेळ! साहेब चाळीस दिवस म्हणत होते. मी त्यांच्या मागे लागले, “दिवाळीचा अंक निघून जाईल, साहेब! एवढा भरीव धान तुम्ही कधी पाहिला होता?” आयुष्यात एकदाच साहेबांनी नियम मोडला, आणि तो माझ्या हट्टापायी. पूर्ण यादीला जाहिरात द्यायची ठरली. त्यासाठी बायकांचा सगळा निधी लागणार होता. तो निधी होता भरडाईच्या छोट्या गिरणीसाठी, डोक्यावर धान घेऊन देवरीला जाणं थांबावं म्हणून साठवलेला.

चिचगडच्या बैठकीला आम्ही बसने निघालो. बायकांना दाखवायला म्हणून मी नोंदींची यादी छापून घेतली होती. प्रत्येक इंटरनेट जोडणीला एक क्रमांक असतो, आणि कोण आलं ते त्या क्रमांकाने नोंदलं जातं. आजवर मी नुसत्या बेरजा पाहिल्या होत्या. देवरी सोडल्यावर सहज कागदावरून नजर फिरवली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. अर्ध्याहून जास्त ओळींवर एकच क्रमांक होता. माझ्या सेंटरचा. म्हणजे आलेले बहुतेक जण माझेच विद्यार्थी होते.

साहेब पुढच्या सीटवर कंडक्टरशी पावसाबद्दल बोलत होते. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

समाजमंदिरात बायका जमल्या. कौशल्याबाई गटाच्या अध्यक्ष, बोलायला फाटक्या तोंडाच्या आणि मनाने लख्ख. त्या म्हणाल्या, “साहेब मोजून सांगून राहिले तं आमाले कायले इचारता? द्या पैसे.” सगळ्यांनी हात वर केले. मी चटईची काडी ओढत बसले होते. तोंड उघडलं नाही. लाज वाटते लिहिताना, पण नाही उघडलं.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. कागद साहेबांच्या हातात दिला आणि सांगून टाकलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक ओळ बोटाने तपासली. “बैठकीत माहीत होतं तुले?” मी होकाराची मान हलवली. मला वाटलं, आता भर बसमध्ये फोडून काढतील, दोनच्या आकड्यासाठी केलं होतं तसं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. देवरीला बस थांबली तसे उठले. “तू जा गोंदियाले. तुही बॅच आहे,” एवढं म्हणून उतरले आणि चिचगडला परत जाणाऱ्या बसमध्ये चढले. मी खिडकीतून पाहत राहिले, आणि घरी गेले.

तिथे काय झालं ते नंतर बायकांकडून कळलं. साहेबांनी सगळ्यांना पुन्हा बोलावून सांगितलं, “प्रयोग रद्द. घाई मी केली, मोजनी माझी चुकली. गिरणी घ्या.” कौशल्याबाई खवळल्या. “तुमी बी असे चुकता तं आमी कोनाच्या भरवशावर बसाव?” साहेब उभ्यानेच ऐकत होते. मग त्याच म्हणाल्या, “आतापासून आमीच मोजू.” तेव्हापासून गटाच्या खोलीत प्रत्येक जाहिरातीची एक टोपली आहे. ऑर्डर आली की तिची चिठ्ठी त्या टोपलीत, त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा मागवलं तर चिठ्ठीसोबत मोहाची एक बी. चाळीस दिवसांनी टोपली उलटी करून मोजायची. त्या पाककृतींच्या पत्रातल्या छोट्या प्रयोगाची टोपलीही अशीच उलटी झाली. चार चिठ्ठ्या निघाल्या, बी एकही नाही. निधी त्यात गेला असता तर गिरणी आजही आली नसती.

गिरणी आली. साहेबांची ती चूक मात्र गावोगाव झाली. पहिली दोन वर्षं कौशल्याबाई त्यांना टोमणे मारायच्या, मग तेच त्यांच्या मोठेपणाचं उदाहरण झालं. “एवढा मोठा माणूस, पण चूक कबूल केली!” भाषणांत हे वाक्य आलं की मी उठून बाहेर जायची. एकदा मी साहेबांना म्हटलं, “सांगून टाकते आता.” ते वैतागले. “कायले? बायका तुह्याजवळ शिकाले येऊन राहिल्या. तुह्यावरचा भरवसा गेला तं त्या मशीनजवळ फिरकनार नाहीत. मले काय, मी म्हातारा.” त्या वेळी ते खरं होतं. आज त्या बायकांच्या लेकी स्वतःच साईट चालवतात, त्यांना ना माझी गरज आहे ना साहेबांची. आता गप्प राहायला मला कारण उरलं नाही.

हा लेख मी साहेबांना आधी दाखवलेला नाही. दाखवला असता तर त्यांनी तेवढाच भाग खोडला असता. समारंभात लेख वाचून दाखवायला कौशल्याबाई उभ्या राहणार आहेत असं कळलं आहे. बाई, इथे थांबू नका, मोठ्याने वाचा: ती चूक साहेबांची नव्हती, वैशाली बिसेनची होती. तुम्ही भलत्याच माणसाला बोललात, आणि मी तुम्हाला बोलू दिलं.

साहेब, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, गुडघे सलामत राहोत, पावलं मोजता येवोत. हे मी माझ्या स्वार्थासाठी मागते आहे. दोनच्या आकड्यासाठी तुम्ही मला भर दुकानात झापलं होतं. त्या दिवशी बसमध्ये झापलं नाहीत. इतकी वर्षं मी त्याची वाट पाहते आहे. समारंभ आटोपला की सेंटरवर या आणि एकदा रागवून घ्या.