इनासचे 'आपले लोक'

फिलोमिना वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. 'भाऊ, इनास गेला,' त्या म्हणाल्या. 'चहा घेऊन वर गेले, तर…' आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक ड्राइव्हवे आहे, पण त्या सकाळी तो ओलांडायला मला फार वेळ लागला. एका गालाला साबण तसाच होता, हे तिथे गेल्यावर वहिनींनीच लक्षात आणून दिलं. बेसबॉलचा सीझन संपून चार दिवस झाले होते आणि इथल्या ऑक्टोबरमधल्या थँक्सगिव्हिंगला चार दिवस राहिले होते. अशा वेळी माणसाच्या मनात काय येईल याचा नेम नाही. माझ्या मनात आलं, की या गृहस्थानं सीझनची शेवटची मॅचसुद्धा चुकवली नाही. तीही आपण हरलोच होतो.

इनास तुस्कानो मूळचा वसईचा. कॅनडातल्या व्हिटबीत त्याची तीसहून जास्त वर्षं गेली, बहुतेक एकाच मशीन शॉपमध्ये, लेथवर. मी नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, बारा वर्षांपूर्वी शेजारचं घर घेतलं. नव्या घरातल्या पहिल्या आठवड्यात कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो, तर पलीकडच्या गॅरेजचं शटर अर्धं उघडं, आत रेडिओ चालू आणि कोणीतरी त्या रेडिओला अस्सल मराठीत शिवी घातली. घरापासून इतक्या लांब शिवी ऐकून बरं वाटेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मी वाकून आत पाहिलं. आरामखुर्चीत एक टक्कल पडलेला माणूस बसला होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, 'मराठी का? मग बस. आपले लोक सहा रननी मागे आहेत.' शेजारी दुसरी खुर्ची उघडून ठेवलेली होती. ती कोणाची, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

'आपले लोक' म्हणजे आमची बेसबॉल टीम. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसा इनास टीमचं नाव घ्यायचा नाही. नाव घ्यायची लायकी राहिली नाही, असं त्याचं म्हणणं. टीव्ही घरात होता, पण मॅच गॅरेजमध्ये आणि रेडिओवरच. वहिनींचा तसा हुकूम होता: घरात मारियामातेची मूर्ती आहे, तिच्या कानावर हे सगळं नको. त्यामुळे एप्रिलच्या थंडीत जॅकेट घालून आणि जुलैत बनियनवर, त्या अर्ध्या शटरखाली आम्ही दोघं बसायचो. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. इनासनं एका वाक्यात शिकवलं: 'पिचर म्हणजे आपला बोलर समज. फक्त टप्पा नाही, आणि कोपर कितीही वाकवलं तरी कोणी नो-बॉल देत नाही.' हे शेवटचं तो जरा जास्त जोरात म्हणायचा. त्याचंही कारण मला फार उशिरा कळलं.

बॅटिंगवर तो कधी चिडला नाही. फलंदाजाचा दिवस असतो, नसतो, म्हणायचा. त्याचा सगळा राग पिचरांवर, म्हणजे पिचरांवर नव्हे, त्यांना घडवणाऱ्यांवर. आपले लोक दर दोन वर्षांनी एखादा चांगला कोवळा पोरगा शोधून आणायचे. पेपरात फोटो यायचे. मग कोच त्याचा हात वर करायचे, पाय आखडायचे, पकड बदलायचे. चार मॅच वाईट गेल्या की खालच्या लीगमध्ये पाठवायचे, तिथला कोच सगळं उलटं शिकवायचा, मग परत वर. शेवटी एक तर खांद्याचं ऑपरेशन, नाहीतर दुसऱ्या टीमला विक्री, आणि तिथे जाऊन तोच पोरगा असा खेळायचा की आम्ही रेडिओकडे बघत बसायचो. 'केळीचा घड पिकत घातला ना नागपूर,' इनास म्हणायचा (मला तो गावाच्याच नावानं हाक मारायचा), 'की रोज दाबून बघायचा नसतो. हे आमच्या वसईत पाच वर्षांच्या पोराला कळतं. इकडे मिलियन डॉलर पगार घेऊन कळत नाही.'

मधली दोन वर्षं बरी गेली. रस्त्यावर निळ्या टोप्या दिसू लागल्या, ज्यांना इनिंग म्हणजे काय माहीत नव्हतं तेही ऑफिसात बोलू लागले. इनास मात्र तेव्हाही सावधच होता. 'ही म्हाताऱ्या बॅटांची पुण्याई आहे,' म्हणायचा, 'बोलिंग आहे कुठे आपल्याकडे?' आणि पुढे झालंही तसंच. टोप्या गेल्या, आम्ही दोघं उरलो. गेल्या उन्हाळ्यात तर मला खरोखर थकवा आला. चौथ्या इनिंगपर्यंत मॅच हातची गेलेली असायची आणि आम्ही नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत बसायचो, कोणाच्या तरी मयताला आल्यासारखे. इनास विनोद करायचा, पण तेही थकलेले. एकदा म्हणाला, 'ऑक्टोबरपासून गांजा लीगल होतोय ना? आपल्या मॅनेजमेंटला तेवढा दम निघालेला दिसत नाही.' मी म्हटलं, 'अरे मग सोडून दे की. डॉक्टरनं बीपी सांगितलंय. कशाला जिवाला लावून घेतोस?' त्यानं रेडिओचा आवाज थोडा कमी केला. 'सोडलं तर ग्लेनला फोन कशावरून करू?' असं म्हणाला, आणि आवाज परत वाढवला.

ग्लेन त्याचा एकुलता एक मुलगा. ओटावाला असतो, तिथल्या कनाटा या उपनगरात नोकरी करतो. पस्तिशीचा, शांत आणि सभ्य. मॅच झाली की बापलेकाचा फोन व्हायचा, आणि मी शेजारीच असल्यामुळे तो ऐकायचो. बाप मराठीत बोलायचा, लेक इंग्रजीत. दहा-अकरा मिनिटं पिचर बदलायला केलेला उशीर, कोचचा मूर्खपणा, उद्या कोण टाकणार… मग 'ओके डॅड', 'ओके बेटा'. संपलं. ग्लेनला बढती मिळाली हे इनासला वहिनींकडून कळलं. त्याचं लग्न ठरून मोडलं, तेही वहिनींकडूनच. त्या दिवशीही फोन झाला होता. मला आठवतं, ते दोघं तेव्हा लंबूबद्दल बोलले.

लंबू म्हणजे आपल्या लोकांचा सगळ्यात नवा पोरगा. उंच, डावखुरा, चेहऱ्यावरून शाळेतून पळून आल्यासारखा. इनासचा भारी जीव त्याच्यावर. पहिल्या दीड महिन्यात त्यानं असे चेंडू टाकले, की इनासनं सहा आठवड्यांत एकही शिवी दिली नाही आणि वहिनी काळजीत पडल्या. मग कोचांनी त्याचा हात बदलायला घेतला. ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी बातमी आली: खांदा गेला, ऑपरेशन करावं लागणार. मला वाटलं आता गॅरेज दणाणणार. इनासनं रेडिओ बंद केला. मॅच चालू असताना त्याला रेडिओ बंद करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

'ज्याचा हात, त्याला विचारायला हवं ना रे,' तो म्हणाला. बोलताना तो माझ्याकडे नव्हे, भिंतीकडे बघत होता. तिथे खिळ्याला बेसबॉलचा एक ग्लव्ह टांगलेला होता, लहान मापाचा, चामडं सुकून कडक झालेलं. इतकी वर्षं मी तो पाहत होतो आणि पाहत नव्हतो. त्या दुपारी इनासनं मला सांगितलं ते असं. बावीस वर्षांचा असताना तो गावाच्या टीममधून जोरात बोलिंग टाकायचा. चर्चच्या मैदानावर फायनल होती, सगळं गाव जमलेलं. अंपायर म्हणून आलेल्या मास्तरांनी त्याला एका ओव्हरमध्ये तीनदा नो-बॉल दिला: कोपर वाकतं, हा बोलिंग टाकत नाही, दगड फेकतो. त्या दिवसापासून पोरं त्याला 'फेक्या' म्हणू लागली. त्यानं पुन्हा चेंडू हातात धरला नाही. पुढे कॅनडात आला, ग्लेन झाला, शाळेच्या टीमचा पिचर झाला. आणि हा रोज पाच वाजता शॉपमधून यायचा, कपडेही न बदलता पोराला बेसमेंटमध्ये न्यायचा आणि शिकवायचा… हात सरळ, कान घासून आला पाहिजे, कोपर वाकता कामा नये. दोन हिवाळे. कोचनं एकदा हळूच सांगून पाहिलं, मिस्टर तुस्कानो, पोराचा हात आहे तसा राहू द्या. 'मी म्हटलं, आय हॅव प्लेड,' इनास म्हणाला. 'माझ्या पोराला कोणी फेक्या म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. अरे, ज्या खेळात सगळेच फेके, त्यात मी…' चौदाव्या वर्षी ग्लेन एक दिवस म्हणाला, डॅड, माझा खांदा दुखतो, मी खेळणार नाही. ग्लव्ह त्यानंच त्या खिळ्याला अडकवला. भांडण नाही, रडणं नाही. एरवी मी या गोष्टीवर हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

म्हणजे वीस वर्षं हा माणूस मॅनेजमेंटच्या नावानं ज्या शिव्या देत होता त्या कोणाला होत्या, ते मला तेव्हा समजलं. मी म्हटलं, 'हे ग्लेनशी बोललास कधी?' तो म्हणाला, 'बोलतो ना रोज.' मी म्हटलं, 'तसं नाही. सॉरी म्हणालास?' तो म्हणाला, 'थँक्सगिव्हिंगला येतोय. टर्की कापताना सांगतो.' मी चेष्टा केली, 'तू टर्कीलाच सांगशील.' तो हसला. पुढचे सहा आठवडे मी जवळजवळ रोज त्याला आठवण करून देत होतो आणि तो 'सीझन संपू दे' म्हणत होता. सीझन संपला. थँक्सगिव्हिंगला ग्लेन आला, पण बापाला मातीत ठेवायला. त्या गर्दीत त्याला काही सांगायची माझी छाती झाली नाही, आणि मग ते ओझं माझ्याकडेच राहिलं. रात्री झोप लागेना. मेलेल्या माणसाची गोष्ट आपण का सांगावी, आणि नाही सांगितली तर ती कोण सांगणार…

महिन्याच्या मिस्साला, म्हणजे इनास जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या प्रार्थनेला, ग्लेन पुन्हा आला. चर्चमधून परतल्यावर घरात माणसं जेवत होती आणि तो दिसेना. गॅरेजमध्ये सापडला, बापाच्या गाडीला टेकून उभा. मी शटर अर्धं वर केलं, खुर्च्या उघडल्या आणि सगळं सांगून टाकलं. मास्तर, नो-बॉल, बेसमेंट, सॉरी. तो मान खाली घालून ऐकत होता. मग वर बघून म्हणाला, 'अंकल, देअर वॉज नथिंग राँग विथ माय शोल्डर.'

पुढचं तो इंग्रजीतच बोलला, मी माझ्या शब्दांत लिहितो. त्याला पिचिंग जमतच नव्हतं. आधीही नाही, नंतरही नाही. कोचनं त्याला केव्हाच सांगितलं होतं, तू मागे फील्डिंगला जा. पण बाप पाच वाजता तेलाचे हात घेऊन बेसमेंटमध्ये यायचा, गुडघे दुखत असताना बसून त्याचे चेंडू झेलायचा, आणि ग्लेनला ते आवडायचं. बेसबॉल नव्हे, ते पाच वाजणं. मग बापाच्या डोळ्यांतली आशा बघवेना. जमत नाही म्हटलं तर बापाला वाईट वाटेल. खांदा दुखतो म्हटलं तर कोणाचाच दोष नाही… चौदा वर्षांच्या पोरानं केलेला तो हिशेब. 'म्हणजे डॅडला वाटत होतं की त्यानंच… इतकी वर्षं?' मी मान हलवली. मला त्याचा रागही आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, 'अरे, मग सांगायचं नाही का कधी?' तो म्हणाला, 'वी टॉक्ड एव्हरी डे, अंकल.' आणि मग बापाच्या खुर्चीत बसून तो रडला. मी दुसऱ्या खुर्चीत बसून राहिलो. ती खरी ग्लेनचीच होती, हे मला आता माहीत होतं.

मला दिलेल्या उत्तरात दोघंही खोटं बोलले नाहीत. रोज बोलत होतेच. मला मात्र इनासचा अजूनही राग येतो, आणि त्याहून जास्त माझा. सहा आठवडे आठवण करून देण्याऐवजी एकदा त्याच्या हातातून फोन ओढून घ्यायला हवा होता.

आता बर्फ पडायला लागलंय. वहिनींची गाडी गॅरेजमध्ये असते, विंटर टायर मीच बदलून आणले. रेडिओ जागेवर आहे, ग्लव्ह खिळ्यावर. खुर्च्या काढू नका, असं ग्लेन आईला सांगून गेला. मॅच सुरू व्हायला अजून चार-पाच महिने आहेत, आणि खरं म्हणजे मला आता त्यांचं काही पडलेलं नाही. गेल्या रविवारी दुपारी मी वहिनींच्या ड्राइव्हवेमधला बर्फ शोव्हल करत होतो आणि खिशातला फोन वाजला. ओटावाचा नंबर. 'अंकल, बघितलंत? आपले लोक…' तो म्हणाला. एवढे शब्द मराठीत, अगदी बापाच्या हेलात. लंबूला सोडून दिलं होतं. ऑपरेशननंतर बरा होईपर्यंतही थांबले नव्हते. मी फावडं भिंतीला टेकवलं, गॅरेजमध्ये जाऊन खुर्ची उघडली आणि मला जे काही कळतं तेवढ्यात मॅनेजमेंटचा उद्धार केला. दहा-अकरा मिनिटं झाली. 'ओके, अंकल,' तो म्हणाला.

'थांब,' मी म्हटलं. 'तू कसा आहेस?'

तो म्हणाला, 'नॉट ग्रेट, अंकल.' बाहेरून गार वारा येत होता. मी उठून शटर अर्धं खाली ओढलं, परत येऊन बसलो आणि म्हटलं, 'सांग.'