ओल्या कुरणाची राखण

निजामाचं राज व्हतं तवाची गोष्ट. नवरा तापानं गेला अन् माझ्या वाट्याला कयाधू नदीकाठचं कुरण आलं. एक गाय, अन् कडेवर पोरगी. भाकर थोरल्या दिराच्या चुलीवरची. गाईच्या दुधावर पोरगी जगत व्हती.

पावसाळ्यात कुरणात गुरं कवा सोडायची, ते मी सकाळीच जाऊन बघायची. वरची माती फसवती. खुरप्यानं वीतभर उकरायचं अन् खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तं गुरं आत न्हाई. मूठ उघडल्याबराबर माती फुटली, तरच सोडायची. काळी जमीन हाय. ओलीत खूर रुतला की गवताची मुळं मरत्यात.

थोरल्या दिराला हे पटत नव्हतं. एका साली झड थांबली न थांबली तं त्यानं समदी गुरं माझ्या कुरणाकडं वळवली. मी आडवी आली.

"दादा, मातीचा गोळा होऊन राहिला. जरा वाळू द्या."

आमच्यात धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिरासंगं बोलायची रीत न्हाई. तो बांधावरच्या माणसायला म्हणला, "पाहा, भाऊ मेला अन् हिला तोंड फुटलं! पदर घे, घरी जाय. पुन्हा माझ्याम्होरं आवाज काढला तं भाकर बंद."

माणसं हसली. गुरं आत गेली.

खुरांनी समदी राड केली. दिवाळीनंतर ती जमीन दगडावानी झाली, गवत फुटलंच न्हाई. चैतात गाय आटली. पोरीला ज्वारीच्या पिठाचं पाणी पाजलं, तिला सोसलं न्हाई. वैशाखात पोरगी गेली.

मी तोंड मिटलं.

पुढच्या पावसाळ्यात उघाड पडली. कुरण वरून भुरभुरीत दिसत व्हतं. मी गाय बांधाला बांधली अन् नाल्याच्या अंगाला उकरलं, तं चिखल बोटातून गळला. तेवढ्यात दीर आला. संगं पोळ्यासाठी पोसलेली पांढरी जोडी. त्यानं पायानं वरची माती उडवली अन् माझ्याकडं पाहिलं. मी पदर नाकापर्यंत ओढला अन् बाजूला सरकली.

बैलं नाल्याकडं गेली. एक पोटापर्यंत रुतला. धडपडीत त्याचा म्होरचा पाय मोडला. दीर चिखलात उभा राहून वरडला, "तुला ठावं व्हतं ना? बोलली काहून न्हाई?"

बांधावरची माणसं पळत आली व्हती. म्या माझ्या गाईकडं तोंड केलं.

"सांग बाई त्यायला, भाकर बंद व्हईल म्हणून गप हाय."

या बारी कुणी हसलं न्हाई.

बैलाचं वाईट वाटलं, मुक्या जनावराचा काय कसूर? दिराचं वाटलं न्हाई. आजबी वाटत न्हाई.

पोळ्याला त्याच्या दारातून एकच बैल निघाला, शिंगं न रंगवता. मी वाटंवर येऊन उभी राहिली. दिराला दिसावं म्हणूनच उभी राहिली. तो मारुतीच्या पाराआड जाईपर्यंत मी हालली न्हाई.