वहिनीच्या सुईवरचा आळ

आमची वहिनी शांत बाई आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला त्या मंगळवारी बघायला हवं होतं!

ती कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात स्लाइड बनवते. बावीस वर्षं झाली. मी तिथंच कारकून, म्हणून तिची भांडणं घरी आणि हापिसात, दोन्हीकडे माझ्याच कानावर. फुलातले परागकण उकळायचे, सुईनं काचेवर घ्यायचे आणि विभागप्रमुख सरांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवायचे, एवढंच तिचं काम. बघायचं सरांनी. पण बघितल्याशिवाय राहील ती वहिनी कसली!

सरांनी दोन टेकड्यांवरून पिवळी रानफुलं आणली. पानं तीच, पाकळ्या त्याच. "एकच जात," म्हणून नोंदवूनही टाकली.

"सर," वहिनी म्हणाली, "एका टेकडीवरच्या फुलांच्या कणांवर काटे लांब आणि विरळ आहेत. दुसरीवरचे आखूड, दाट. मग जात एकच कशी?"

सर हसले. "सुई धुतली नसेल. भलत्याच फुलाचे कण मिसळलेत. असंच चाललं तर तुम्हाला खाली भांडारात बसवावं लागेल."

भांडारात! मायक्रोस्कोप सोडून बाटल्या पुसायला! वहिनी घरी आली ती फणफणतच.

"जाऊ दे ना वहिनी, साहेबाशी वाकडं कशाला?" मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा भावोजी! उमललेल्या फुलावर माशी बसते, ती दुसरीकडचे कण आणून टाकते, हे मान्य. पण मिटलेल्या कळीत कोण शिरणार?"

मंगळवारी सकाळीच तिनं मला दोन्ही टेकड्यांवर पिटाळलं. पिटाळलं कसलं, स्वतः पुढे, मी मागे धापा टाकत. एकही उमललेलं फूल घेतलं नाही, फक्त घट्ट मिटलेल्या कळ्या. मग प्रयोगशाळेत दर कळीला नवी सुई, नवी काच. "सर, इथंच उभे राहा आणि बघा," असं चक्क सरांना!

सरांनी पहिली स्लाइड पाहिली. दुसरी पाहिली. परत पहिली. आणि मग सर खुर्चीतून उठले. वहीपेन्सिल घेऊन बाजूला उभे राहिले.

"बसा तुम्ही. काटे मोजा. मी लिहून घेतो."

अहाहा, काय वाटलं म्हणून सांगू! वहिनीनं मात्र इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. बसली, डोळा लावला.

"पहिला कण, एकोणचाळीस. सर, आकडा मोठ्यानं परत म्हणा, चूक नको."

"एकोणचाळीस," सर म्हणाले आणि लिहू लागले.