मथळ्यात न मावलेला शब्द

सात वर्षांपूर्वी अलकापुरीतल्या मोटार प्रदर्शनाच्या बातमीत मी ‘शर्यतीच्या चित्रपटातल्यासारखी गाडी बडोद्यात’ या मथळ्यातला ‘सारखी’ हा शब्द काढून टाकला. तो ओळीत मावत नव्हता. मथळा ‘चित्रपटातली गाडी’ असा छापून आला. शहरातल्याच गोत्री भागातल्या एका निवृत्त फिटरने जुन्या गाडीवर चार वर्षे खपून ती केली होती. नारिंगी अंग, दारांवर काळे पट्टे, ताज्या रंगाचा वास. त्यांनी मला आदल्या दिवशी बजावले होते, “भाऊ, ‘सारखी’ लिहा हं. नक्कल आहे. नाहीतर चार लोकांत मी खोटा पडेन.” सकाळी बातमी वाचून कॉलेजची मुले खरी गाडी बघायला आली. आत डोकावून जुनीच गाडी दिसल्यावर एक जण हसला, “काका, गप मारो छो? थापा मारता?” “मी कुठं म्हटलं? पेपरवाल्यानं छापलंय,” फिटर म्हणाले. कोणी ऐकले नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा राहून वहीत काहीतरी लिहीत राहिलो. दुपारीच ते गाडी घेऊन घरी गेले. खुलासा तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर आला. काल गोत्रीत रंगाच्या वासाने मी थांबलो. फिटरांच्या अंगणात तीच गाडी उभी होती. तिला पांढरा रंग दिला होता.